ईडन प्रेरीतली माझी सही

मिरजेहून निघताना शेजारच्या काकूंनी हातावर दही घातलं आणि म्हणाल्या, "अमेरिकेला ना? मज्जा आहे बाई तुमची!" मी दही चाटलं. त्यांना काय सांगायचं? माझा धाकटा भाऊ शरद तिकडे मिनेसोटा राज्यात, ईडन प्रेरी नावाच्या गावी, सहा दिवस व्हेंटिलेटरवर होता. मेंदूत मोठा रक्तस्राव झाला होता. त्याची मुलगी रेवा फोनवर एवढंच म्हणाली होती, "आत्या, तू ये. प्लीज. पेपरवर तुझं नाव आहे." कसला पेपर, कसलं नाव, काही विचारायचं सुचलं नाही. व्हिसा मागच्या खेपेचा शिल्लक होता, निघाले.

ॲमस्टरडॅमला विमान बदललं. शेजारच्या सीटवर एक डच बाई होत्या, नगरपालिकेत कारकुनी करून निवृत्त झालेल्या. मी एकतीस वर्षं शाळेत नागरिकशास्त्र शिकवलेलं, त्यामुळे डोळ्यांत पाणी असलं तरी जीभ काही स्वस्थ बसेना. विचारलं, "तुमच्याकडे अजून राजा आहे ना? करतो काय तो?"

"सही करतो," त्या हसून म्हणाल्या.

मग त्यांनी सगळं सांगितलं. कायदा राजा एकटा करत नाही, तो संसदेत मंजूर व्हावा लागतो. कारभार मंत्री चालवतात. वर्षातून एकदा राजा संसदेपुढे भाषण वाचतो, तेही मंत्र्यांनीच लिहून दिलेलं. कायद्यावर राजाची सही लागते, पण तिच्या जोडीला मंत्र्याची सही हवीच. नुसती राजाची असेल तर तिला काही किंमत नाही. "आणि चूक झाली तर संसदेत उभं राहून उत्तर मंत्री देतो," त्या म्हणाल्या, "राजाला कोणी जाब विचारत नाही."

हे मी वर्गात शेकडो वेळा सांगितलं होतं. राजा राज्य करतो, कारभार करत नाही. दरवर्षी एखादं आगाऊ कार्टं विचारायचंच, "मग बाई, ठेवायचा कशाला?" मी म्हणायची, "अरे, घरात कुणीतरी मोठं माणूस लागतं."

आमच्या घरातलं ते मोठं माणूस मी. वडील लवकर गेले, शरदला मी वाढवला, शिकवला. तो अमेरिकेत गेला तरी दर रविवारी सकाळी त्याचा फोन यायचा. "ताई, घर घेऊ का गं?" तेव्हा किल्ली खिशात असायची. "ताई, रेवाला हे कॉलेज बरं ना?" तेव्हा प्रवेश झालेला असायचा. मला का कळत नव्हतं? चांगलं कळायचं. मी "हो" म्हणायची आणि फोन ठेवायची. तेवढंच माझं काम, आणि खरं सांगते, मला ते फार आवडायचं.

मिनेसोटाला उतरले तर माझी बॅग आलीच नाही. स्वेटर, लोकरीचे मोजे, सगळं तिच्यात. रेवा घ्यायला आली होती. तिने मला शरदचा जाडजूड कोट घातला. त्याच्या खिशात आवळासुपारीची पुडी सापडली. मी हात तसाच खिशात ठेवला.

वाटेत एक तळं लागलं, पांढरंफटक गोठलेलं. त्यावर छोट्या छोट्या लाकडी खोल्या आणि चक्क गाड्या उभ्या.

"अगं बाई, बुडतील की!"

"नाही आत्या, आईस थिक आहे. होल ड्रिल करून फिशिंग करतात," रेवा म्हणाली. तिचा जन्म इथलाच, तिला त्यात काही नवल नव्हतं. थोड्या वेळाने रस्त्यावरची नजर न हलवता म्हणाली, "बाबा नेणार होते मला या वर्षी."

घरी शरदची बायको माधुरी दारातच गळ्यात पडली. शेजारणीने हॉटडिश (ओव्हनमध्ये भाजलेला, वरून बटाट्याच्या गोळ्या लावलेला पदार्थ) पाठवला होता, आम्ही शाकाहारी म्हणून मुद्दाम मश्रूम घालून. माधुरीने सवयीने चार ताटल्या काढल्या आणि एक मुकाट्याने परत ठेवली. जेवलं कुणीच नाही. मग तिने तो पेपर आणला.

आपल्याला बोलता येईनासं झालं तर उपचाराचा निर्णय कुणी घ्यायचा, हे लिहून ठेवायचा इकडे एक फॉर्म असतो. पहिल्या ओळीत एक नाव आणि दुसऱ्या ओळीत, पहिल्याने नाकारलं तर, दुसरं नाव. शरदने पहिल्या ओळीत माझं नाव घातलं होतं. दुसऱ्या ओळीत माधुरीचं.

"असं का केलंन त्याने?" मी विचारलं.

"मीही तेच विचारलं होतं, ताई. तर म्हणाले, लग्नपत्रिकेत मोठ्यांचंच नाव आधी घालतात ना? ताईला बरं वाटेल. खाली तू आहेसच की."

काय म्हणावं या माणसाला! एवढा शिकलेला, चाळीस वर्षं त्या देशात राहिलेला, आणि सरकारी फॉर्म भरला तो लग्नपत्रिकेसारखा.

दुसऱ्या दिवशी सकाळी हॉस्पिटलात डॉक्टरबाईंनी आम्हाला एका लहान खोलीत बसवलं. माधुरी माझ्या शेजारी होती, पण बाई बोलल्या माझ्याकडे बघून. शरद आता परत येणार नाही. श्वास मशीन घेतंय. दोन दिवस थांबा नाहीतर दोन महिने, यात फरक पडणार नाही. मशीन काढायचं की ठेवायचं, ते तुम्ही सांगा. मग अगदी हळू आवाजात म्हणाल्या, "तुम्ही नकार देऊ शकता. मग निर्णय त्यांच्या पत्नीकडे जाईल."

खोटं कशाला बोलू, मला सुटल्यासारखं झालं. गादी सोडायची सोय होती तर! मी माधुरीकडे वळले. तिने माझा हात धरला.

"ताई, माझ्यावर नका टाकू. त्यांना असं ठेवायचं नाही हे मलाही कळतंय. पण माझ्या तोंडून ते निघणार नाही. मला उरलेलं आयुष्य त्याच घरात काढायचंय."

"रेवा, तू सांग," मी म्हटलं.

"आय कान्ट, आत्या." ती खिडकीबाहेर बघत राहिली.

मी उठले आणि शरदजवळ जाऊन बसले. त्याच्या पायांत हॉस्पिटलचे पिवळे मोजे होते. लहानपणी ताप आला की याचे तळवे मी काशाच्या वाटीने घासायची. आयुष्यभर त्याने मला विचारलं, आज पहिल्यांदा मी त्याला विचारलं, "शरद, करू का रे?" मशीन हवा आत ढकलत होतं, बाहेर सोडत होतं. मी बराच वेळ वाट पाहिली, वेड्यासारखी.

मग येऊन मशीन काढायच्या कागदावर सही केली. सहीखालची जागा कोरीच होती. मी विचारलं, "घरच्या कुणाची सही नको का खाली?"

"नको," डॉक्टरबाई म्हणाल्या, "तुमची एकटीची पुरे."

दुपारी दीडच्या सुमाराला शरद गेला. तिसऱ्या दिवशी माझी बॅग आली. तेरावा करून मी परत निघाले. विमानात शेजारी कुणी बसलं असतं तरी मी बोलले नसते.

आता मिरजेत येऊन दीड महिना झाला. रविवारी सकाळी फोनजवळ बसायची खोड जात नाही. मागच्या रविवारी तो वाजला. माधुरी होती.

"ताई, घर विकायला काढलंय," ती म्हणाली. करू का, असं विचारलं नाही. कशाला विचारेल? माझ्या 'हो'ला आता फार वजन आलंय, कुणालाच ते पेलणार नाही. मी बरं म्हटलं. ती फोन ठेवेना. नुसता श्वास ऐकू येत होता. मग एकदम रडत म्हणाली, "दोनच दिवस थांबला असतात, ताई. दोनच दिवस. कोण जाणे, काय झालं असतं!"

डॉक्टरबाईंचं ते वाक्य अगदी ओठांवर आलं होतं. दोन दिवस नाहीतर दोन महिने. तिनेही ते ऐकलं होतं, माझ्या शेजारी बसून. पण तिला त्या घरात झोपायचं होतं, घर विकेपर्यंत तरी. आणि उत्तर कुणीतरी द्यायलाच हवं होतं.

"हो गं," मी म्हटलं. "थांबायला हवं होतं. चूक माझी झाली."

तिकडे ती हळूहळू शांत झाली.