शिट्टी समोरच्या घरात

पुण्याच्या त्या कॉलेजला नुसते मार्क पुरत नव्हते. डिझाइनच्या कोर्ससाठी त्यांना एक निबंध हवा होता: तुम्हाला घडवणारी एखादी अडचण. निबंध आवडला तर मुलाखत, नाहीतर संपलं. मला तो कोर्स इतका हवा होता की घरात मी ते नीट सांगितलंही नव्हतं. पण विषय सापडेना, म्हणून सांगावं लागलं; आणि बोईसरच्या आमच्या दोन खोल्यांत माझ्यासाठी दुःख शोधायची मोहीम सुरू झाली.

बाबा कारखान्यात शिफ्टला जातात. त्यांनी स्वतःचंच दुःख देऊ केलं. "उमरोळीहून सायकलने यायचो कंपनीत, भर पावसात. ते घे."

"पण ते तुमचं आहे."

"घरातलंच आहे ना? घे."

आई म्हणाली, "तुला टायफॉइड झाला होता की."

"तो दादाला."

"मग तुला काय झालं होतं?"

"काही नाही."

आईचा चेहरा पडला.

समोरच्या काकू किनाऱ्यावरच्या शिरगावच्या. त्या दारातूनच म्हणाल्या, "समुद्रात बुडत होती असं लिव. मीच हिला बाहेर काढली, मी सांगेन."

"तुम्हाला पोहता येतं?" आईने विचारलं.

"नाय. पन त्यांना कुठं ठाव हाय?"

त्या आठवड्यात बाबांना नाइट होती. चहा पिऊन ते झोपायला गेले आणि चर्चा जिथल्या तिथे थांबली. बाबा दिवसा झोपले की आमचं घर खुणांवर चालतं. खुर्ची ओढायची नाही, उचलायची. आणि कुकर घरात लावायचाच नाही. डाळ-तांदूळ भरून, झाकण लावून तो मी समोर नेते. शिट्ट्या काकूंच्या घरात होतात. काकांना नाइट असली की त्यांचा कुकर आमच्याकडे येतो. कुकर पेलायला लागल्यापासून ही ने-आण माझ्याकडे आहे.

आईने डोळ्यांनीच कुकर दाखवला. मी तो काकूंच्या गॅसवर ठेवला आणि पुटपुटले, "मंद ठेवू?"

"इथं तरी मोठ्यानं बोल गो," काकू म्हणाल्या. "आमचे हे कामावर गेलेत. शाळेत पन अशीच कुजबुजायचीस काय?"

अशीच कुजबुजायचे. प्रत्येक टीचर 'लाउडर' म्हणायची आणि मी बाकाकडे बघत बसायचे. पहिली शिट्टी झाली तोवर मला निबंधाचं पहिलं वाक्य सुचलं होतं.

इंग्रजीत निबंध लिहून झाल्यावर स्वयंपाकघरात आईला तो हळूच मराठीत सांगितला. तिची एकच तक्रार. "आपल्याकडे गॅस नाही असं वाटेल त्यांना. आपलाही गॅस चालू आहे, असं एक वाक्य घाल."

मी नकारार्थी मान हलवली. तिने झारा उगारला. वाक्य घातलं.

मुलाखत ऑनलाइन होती, आणि पुन्हा नाइटचाच आठवडा. स्क्रीनवरच्या मॅडम नेमक्या त्या वाक्याला हसल्या. "हे कोणी लिहायला सांगितलं?"

"आईने."

"जरा मोठ्याने बोलशील?"

शाळेत जे कधी जमलं नाही ते मी म्हटलं. "नाही, मॅडम. बाबा झोपलेत."

पुढचे प्रश्न त्यांनीही हळू आवाजात विचारले.

प्रवेश मिळाल्याचा मेल आला त्या सकाळीही बाबा झोपलेले होते. ओरडायला आई आणि मी समोर गेलो.