लाल पुडीवर शिंपडलेलं पाणी

"तू नुसतं बघ. हात लावू नकोस," सर मला म्हणाले.

दुसऱ्या महायुद्धाचे दिवस. सांगलीच्या कॉलेजातली पदार्थविज्ञानाची प्रयोगशाळा. खिडक्यांना काळे पडदे. टेबलावर ठोकळ्यांवर उचलून ठेवलेला पातळ पत्रा, त्यावर एका रासायनिक पुडीचा लेप. जांभळ्या दिव्याखाली तो लाल उजळत होता. ऊब लागली की लाली मंदावते. किती मंदावली त्यावरून तापमान कळतं. पुडीला पाण्याचा थेंब चालत नाही, हेही सरांनीच सांगितलं होतं.

एकेक मुलगा पत्र्याला खालून तळवा टेकवी. लाल उजेडात काळा पंजा उमटे. हात काढला की लाली हळूहळू परत येई.

माझा नंबर आला. मी महार. सरांनी नको म्हटलं होतं, तरी मी तळवा टेकवला. काळा पंजा उमटला. इतरांसारखाच.

"सर, आता मी हात कसा लावू?" माझ्या मागचा मुलगा म्हणाला. वाईच्या ब्राह्मणाचा होता.

सर शिपायाकडे वळले. म्हणाले, "पाणी शिंपड त्यावर, विटाळ जाईल."

"आवं सर, खराब हुईल की ती."

"शिंपड म्हणतो ना!"

लेप ओघळला. कुजक्या अंड्यांचा वास सुटला.

"महारवाडा आला रं वर्गात!" कुणीतरी ओरडलं. सगळे हसले. मला काहीच वाटत नव्हतं. पडदे उघडले तेव्हा पत्र्यावर नुसता राखाडी चिखल होता.

दुसऱ्या दिवशी मला कॉलेजचा हुकूम आला. सामान नासवल्याबद्दल वर्गासमोर माफी माग, नाहीतर परीक्षेला बसता येणार नाही.

वडील रहिमतपूरहून आले. पहिल्या लढाईत पलटणीत होते. हुकूम पाळायची सवय.

"माग की रं माफी. वरीस जाईल."

"आबा, पाणी मी न्हाई टाकलं."

"ठावं हाय मला."

"मग माफी कशाची मागू?"



मी वर्गासमोर उभा राहिलो. "पत्रा पाण्यानं नासला. पाणी सरांनी शिंपडायला लावलं." एवढंच बोललो आणि बाकावर जाऊन बसलो.

परीक्षेला बसू दिलं नाही. वर्ष गेलं.

जूनमध्ये त्याच कॉलेजात, त्याच विषयाला पुन्हा नाव घातलं. कारकून म्हणाला, "दुसरा विषय घे की. कशाला त्या सरांच्या नजरेसमोर?"

"हाच विषय लिहा," मी म्हणालो.

पदवी घेईन ती इथूनच. माफी न मागता. आणखी किती वर्षं गेली तरी.