डायरीतला ‘राग’

शेवंताची टी.सी., म्हणजे शाळा सोडल्याचा दाखला, हेडमास्तरांच्या टेबलावर तयार होती. फक्त सही बाकी. दहावीची पोरगी, परीक्षा तोंडावर, आणि तिनं तेलुगूचं पुस्तक टराटरा फाडून ते शिकवणाऱ्या सरांच्या अंगावर फेकलेलं. टी.सी. हातात पडली की घरचे लगीन लावून मोकळे होणार, हे मला पक्कं ठाऊक होतं.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. तेव्हाच्या आंध्रात, वांकिडीकडं, मराठी मिडियमच्या हायस्कुलात मी गणित शिकवायची. हेडमास्तर तेलुगू, तापट, पण मनाचे सरळ. “सर, शनिवारतक रुकिए,” म्हटलं. कुरकुरत थांबले.

शनिवारी गणिताचा पिरियड मी बाजूला ठेवला. पोरांना मनातलं ओळखायला शिकवायचं होतं. आज त्याला भलंमोठं इंग्रजी नाव आहे. माझ्याकडं तेव्हा नाव नव्हतं. टीचिंग डायरी, म्हणजे काय शिकवणार ती वही, रोज सकाळी हेडमास्तरांच्या सहीला जायची. त्यात लिहिलं : ‘राग : ओळख व सराव’.

झालं! हेडमास्तरांची देवनागरी हिंदीपुरती. पिरियड सुरू होतो न होतो तोच ते दारात.

“क्या मैडम, मैथ्स छोडके गाना सिखा रे? हार्मोनियम किधर है?”

पोरं फिसकन हसली. मीही हसले असते, पण टी.सी. आठवली.

“गाना नहीं सर, गुस्सा. बैठिए, देखिए तो.”

बसले, मागच्या बाकावर.

काम सोपं होतं. राग आला ती वेळ आठवायची, आणि रागाच्या खाली काय होतं ते सांगायचं. कुणी म्हणालं भीती, कुणी म्हणालं भूक. शेवंता मान खाली घालून बसलेली.

“काऊन वं शेवंता, तुले राग नाई येत?” मी तिच्याच बोलीत विचारलं.

ती उठली. “मले राग आलाच नव्हता मॅडम. मी अडखळून राह्यली होती वाचताना, तं समदे हसले. सरबी हसले.”

मग मागं वळून, ज्या भाषेपायी तिचं हसं झालं त्याच भाषेत ती हेडमास्तरांना म्हणाली, “कोपम् कादु सार. सिग्गु.”

राग नव्हे सर, लाज.

या खेपेला कुणी हसलं नाही. हेडमास्तर उठून ऑफिसात गेले आणि टी.सी. त्यांनीच टराटरा फाडली. शेवंतानं पुस्तक चिकटवलं, माफी मागितली. तेलुगूच्या सरांनीही तिची मागितली. मी मागायला लावली.

तेलुगूत ती जेमतेम पास झाली. मला मात्र ती जिल्ह्यात पहिली आल्यासारखा अभिमान वाटला, अजून वाटतो.

डायरीत शब्द जपून लिहावा, एवढं मी शिकले. पण त्यानंतर दर शनिवारी हेडमास्तर दारातून डोकावून विचारायचे, “मैडम, आज कौनसा राग?” आणि येऊन मागच्या बाकावर बसायचे.