दादाला न सोसणारी गोळी

दादा गेल्याचा फोन जाफराबादहून आला, तेव्हा मी अंबडला कोर्टाच्या आवारात चहा पीत होतो. झोपेतच गेला. आता महिना झाला. भेटायला येणारी माणसं त्याच्या बियाण्यांच्या दुकानाबद्दल, थट्टेखोर स्वभावाबद्दल बोलतात... मला मात्र त्याची शरमेनं खाली गेलेली मान आठवते.

नव्वदच्या आसपासची गोष्ट. दुकानाचा माल आणायला दादा जालन्याला मुक्कामी जायचा. खानावळीचं तिखट खाऊन पोट बिघडायचं, मग तिथंच जुलाबाच्या गोळ्या घेऊन तो घरी यायचा. दुसऱ्या दिवशी खालच्या ओठावर काळानिळा चट्टा, आणि तसाच एक सांगता न येणाऱ्या जागी. नुसती आग व्हायची. जखम सुकायची, डाग राहायचा, आणि पुढच्या खेपेला पुन्हा त्याच जागी उठायचं. गावातला डॉक्टर घरोब्यातला, त्याला कसं दाखवणार? लाजेपोटी दादा परगावच्या दुकानातून जखमेवरची म्हणून गोळी मागून आणायचा. नेमकी तीही जुलाबाच्या गोळीच्याच जातीची निघायची, आणि दुखणं आणखी चिघळायचं.

वहिनींना दुसरंच वाटलं. कुणालाही वाटलं असतं. एकदा माझ्यासमोरच त्या दादाला म्हणाल्या, "जालन्याहून आले की दुसऱ्या दिवशीच कसं होतं? एवढंच सांगा, मंग मी काही विचारणार न्हाई." काहीही केलेलं नसताना दादा चोरासारखा मान खाली घालून उभा राहिला, आणि वहिनी धावड्याला माहेरी निघून गेल्या.

शेवटी मी त्याला जालन्याच्या चामडीच्या डॉक्टरांकडे ओढून नेलं. त्यांनी ओठ पाहिला आणि विचारलं, पोटासाठी काय घेता? दादानं खिशातलं गोळ्यांचं पाकीट काढलं. ही सल्फाची गोळी, डॉक्टर म्हणाले, काहींच्या अंगाला सोसत नाही, दर वेळी त्याच जागी चट्टा उठतो. बाहेरख्यालीपणाशी याचा काडीचा संबंध नाही. दादा तिथंच रडला. आम्ही एसटीनं भोकरदन गाठलं, तिथून जीपनं धावडा. सगळं मीच सांगितलं. वहिनींनी ऐकलं, तोंडाला पदर लावला आणि आमच्याबरोबर निघाल्या.

त्यावर घरात पुन्हा चकार शब्द निघाला नाही. पण आपण काय समजून बसलो होतो, याची लाज वहिनींना जन्मभर पुरली. कुठल्याही दवाखान्यात दादाच्या आधी त्याच बोलायच्या, रांगेतल्या सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं, "ह्यांना सल्फा चालत न्हाई." दादा ओशाळून भिंतीकडे बघत राहायचा...

परवा वहिनींना ताप आला, म्हणून मी त्यांना दवाखान्यात नेलं. कुठली गोळी बाधते का, असं नव्या डॉक्टरनं विचारलं.

"सल्फा चालत न्हाई," वहिनी म्हणाल्या.

मी हळूच म्हणालो, "वहिनी, ती दादाला चालत नव्हती."

त्यांनी पदर सारखा केला. मग म्हणाल्या, "म्हाईत हे, भाऊजी. मला बी नको ती."