यादीचं नाव

मरोळच्या आमच्या कारखान्यात कॉम्प्युटरची खोली इतकी गार, की चहा तोंडाशी नेईपर्यंत त्याचा बर्फ व्हायचा. तिथे एक प्रोग्रॅमर होते, ते प्रोग्रॅममधल्या एकेका यादीचं नाव ठरवायला बारा बारशांइतका वेळ घ्यायचे. मी त्यांच्या हाताखाली होतो. मला म्हणायचे, "डब्यात हळद असेल तर झाकणावर हळदच लिही रे."

एकदा कामावरून काढायच्या कामगारांची यादी करायची होती. साहेब म्हणाले, "यादीला नाव द्या, 'जादा'."

प्रोग्रॅमरांनी दिलं, 'माणसं'.

"बदला ते."

"आत तीच आहेत ना, साहेब."

दुसऱ्या दिवशी त्या यादीत शेवटी प्रोग्रॅमरांचंही नाव आलं. 'माणसं' काढून 'जादा' लिहायचं काम माझ्याकडे आलं.

मी लिहिलं.