अर्ध्यावर पांघरलेली शाल

मँचेस्टरच्या रुग्णालयात माझ्यासोबत भूलतज्ज्ञ म्हणून काम करणारा माझा मित्र पॅलेस्टिनी आहे. इस्रायल हे राष्ट्र स्थापन होत होते त्या काळात त्याची आई लहान मुलगी होती. बंदुका घेऊन आलेल्या माणसांनी तिचे सारे गाव हुसकावून लावले. पुढे वाटेत काय घडले, हे तिने पोटच्या मुलालाही कधी सांगितले नव्हते. पॅलेस्टाइनबद्दलच्या इथल्या सभांची बोलावणी ती नाकारत असे. आमच्या मराठी मंडळात यायला मात्र तयार झाली. हे लोकही आपल्यासारखेच इंग्रज साहेबाच्या राज्यात राहिलेले, यांना कळेल, असे ती मुलाला म्हणाली होती. तुमचे बोलणे पुरे होईपर्यंत कुणी मध्ये येणार नाही, असा शब्द मी तिला दिला होता.

मंडळाच्या अध्यक्षांना हे सारे ठाऊक होते. त्यांनी मनापासून होकार दिला. जेवण तेवढे गार होऊ देऊ नका, म्हणाले.

दिवाळीनंतरच्या स्नेहमेळाव्यात ती बोलायला बसली. ती अरबीत हळूहळू सांगत होती आणि मित्र इंग्रजीत आम्हाला ऐकवत होता. चार दिवसांत परत येऊ या समजुतीने तिच्या आईने भिजवलेली कणीकसुद्धा झाकून ठेवली होती. वाटेत उन्हाने धाकटा भाऊ पाण्यासाठी रडू लागला. एक विहीर दिसली. आईने भावाचा हात हिच्या हातात दिला. इथे ती थांबली. मित्राने तिच्याकडे पाहिले. यापुढचे त्यालाही माहीत नव्हते.

त्या शांततेत मागून कुणीतरी म्हणाले की सणासुदीला हे राजकारण कशाला. दोन कुटुंबे उठून बाहेर गेली. अध्यक्ष माझ्या कानाशी वाकले.

"डॉक्टर, शाल-श्रीफळ घ्या. स्नेहमेळावा आहे हा, संयुक्त राष्ट्रांची सभा नव्हे."

थोडेच राहिले आहे, असे मी पुटपुटलो.

"अहो, सत्कारच करतोय आपण, अपमान नव्हे," असे म्हणून त्यांनी तबक माझ्या हाती दिले.

लांबलेल्या वक्त्याला सन्मानाने गप्प बसवण्याची ही आपली जुनी रीत. मी उठलो. तिच्या खांद्यांवर शाल पांघरली, ओंजळीत नारळ ठेवला. टाळ्या वाजल्या. तिने छातीवर हात ठेवून मान लववली, टाळ्या थांबण्याची वाट पाहिली आणि पुढचे सांगण्यासाठी तोंड उघडले. तोवर माईक अध्यक्षांकडे गेला होता आणि आभारप्रदर्शन सुरू झाले होते.

कार पार्कमध्ये आईला गाडीत बसवून मित्र माझ्याकडे आला.

"ती विचारत होती, आपलं काही चुकलं का? मी सांगितलं, नाही, यांच्यात असंच करतात. तुझी लाज राखायला मी आईशी खोटं बोललो."

अध्यक्षांनी मला दगा दिला, असे मी बरेच दिवस मनाशी घोकत राहिलो. ते खोटे नव्हते. पण तिच्यासमोर उभा राहिलेला माणूस मी होतो, आणि तिला शब्दही मीच दिला होता.

अखेर तिच्या घरी जाऊन मी क्षमा मागितली. उरलेले ऐकायला आलो आहे, असेही म्हणालो. मित्राने ते तिला अरबीत सांगितले. मग तिने कॉफी आणवली आणि मुलामार्फत मला विचारले की गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी या वयात पूर्ण भूल घेणे सुरक्षित आहे का. मी सविस्तर उत्तर दिले. तिने लक्षपूर्वक, शेवटपर्यंत ऐकून घेतले. विहिरीबद्दल ती बोलली नाही. मित्र माझ्या शेजारीच बसला होता, आणि मी निरोप घेईपर्यंत त्यानेही तिला काही विचारले नाही.