नरकासुराच्या मांडीवरचा पाणबुड्या

गेल्या दिवाळीत, पेडण्याला, आमच्याच घरापुढे भर दुपारी मी नरकासुराखाली सापडलो. नरकासुराची यात काही चूक नव्हती.

चूक माझी, आणि तीही मस्कतला बसून केलेली. तिथे एका लाँड्रीत मी इस्त्री करतो. घरून फोन आला की वाईट बातमीच असणार, असं मी धरून चालतो. (शिकलेल्या माणसाला वाईट बातमी पचते, असा माझा समज आहे. माझी शाळा सातवीत सुटली.) दिवाळीआधी वैनीचा फोन आला.

"बाबू, ऐक..."

"दादा बरो आसा मां?"

"बरो आसा रे! वाड्यावर नरकासुर करतत, कागद मागतत. माळ्यावरची तुजी पेटी..."

"दी, दी! सगळा दी!"

दादा बरा आहे, एवढंच मी ऐकलं होतं.

त्या पेटीत माझी कॉमिक्स होती. शाळा सुटल्यावर म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातून एकेक करून आणलेली, कव्हरं गेलेली, कोपरे दुमडलेले. वैनी तेव्हा नुकतीच लग्न होऊन आली होती. "अक्षरां विसरशीत. वाच!" म्हणून दुपारी तांदूळ निवडता निवडता ती मला समोर बसवून मोठ्याने वाचायला लावायची. अडलो की सूप आपटायची. शाळेने मला सोडलं, वैनीने सोडलं नाही. आज चार ओळी लिहितो आहे, त्या त्याच सुपाच्या धाकाने.

पुढे दर सुट्टीला माळ्यावर बसून सगळी पुन्हा वाचायची, हा माझा नेम. पण या खेपेला सुट्टी मिळायला पाच वर्षं गेली, आणि मधेच एक घोटाळा झाला. माझ्या सगळ्यात लाडक्या कॉमिकात एक पाणबुड्या होता. बुडालेलं जहाज, आठ हातांचा प्राणी, दोन बदमाश, सगळं मला पाठ. शेवटच्या पानावर तो कित्येक वर्षांनी घरी येतो, दारात एक बाई उभी असते आणि ती एक वाक्य बोलते. तेच वाक्य मी विसरलो! इस्त्री करता करता आठवायचो. किती पँटी झाल्या, वाक्य येईना. अक्षरं विसरायला लागलो की काय, अशी धास्तीच बसली.

घरी पोचलो. वैनी दारातच होती.

"इलंस? हात धू, जेवूक बस."

जेवलो आणि शिडी लावली. पेटी जागेवर होती. आत फक्त एक झुरळ होतं.

"वैनी, हेतूर..."

"तूच म्हटलंस मरे, सगळा दी!" तिचा चेहरा उतरला. "कामाचा होता काय रे?"

"छे गो! रद्दी ती!" मी एवढ्या जोरात हसलो की दादा बाहेर येऊन माझ्याकडे बघत राहिला.

समोरच्या मैदानात नरकासुर उभा होता, चतुर्दशीच्या पहाटे जाळायचा पुतळा. कमरेवर बांबूचा सांगाडा, खाली पायांत नुसतं दाबलेलं गवत, बाहेरून मैद्याच्या खळीने कागद चिकटवलेले. रंग अजून लागायचा होता. जवळ गेलो तर डाव्या पायावर माझी पेटी! पोटरीवर बदमाश, गुडघ्याला आठ हातांचा विळखा. मी भोवती फिरत फिरत वाचू लागलो.

"अरे, राकसाक प्रदक्षिणा घालतंस?" म्हादू ओरडला. हा माझा सातवीपर्यंतचा बाकावरचा सोबती. आता बसवर कंडक्टर आहे आणि वाड्याच्या नरकासुराचा मुख्य. त्याला यंदा स्पर्धेत पहिला नंबर हवा होता.

"काम बरा झालाहा," मी म्हटलं आणि वाचत राहिलो. शेवटचं पान मांडीच्या मागे सापडलं. उंबरा दिसत होता, बाईचा पदर दिसत होता. वाक्यावर मात्र वर्तमानपत्राचा तुकडा!

दुपारची जेवणं होऊन वाडा झोपल्यावर मी कोमट पाण्याचा तांब्या घेऊन गेलो. चिकटलेलं कसं सोडवायचं हे लाँड्रीवाल्याला सांगायला नको. भिजवायचं, थांबायचं, ओढायचं. भिजवलं. थांबलो. ओढलं. वर्तमानपत्राचा तुकडा निघाला, पण त्याबरोबर पानही सुटून उलटं लोंबलं, आणि एक गोष्ट माझ्या उशिरा लक्षात आली. आमच्याकडे पँटीच्या आत पाय असतो, इथे पँट हाच पाय होता!

नरकासुराने आधी गुडघा टेकला. मग घाई न करता तो माझ्या पाठीवर झोपला.

"नरकासुरान माणूस मारलो!" म्हादूची हाक.

वैनी हातात डाव घेऊन धावली. "बाबू, जिवंत आसंस मां?"

"आसंय," मी गवतातून म्हटलं.

चौघांनी मला ओढून काढलं. म्हादूने आधी पाय पाहिला, मग तांब्या.

"पाय धुवी होतो राकसाचे! पाच वर्सांनी इलो आणि राकसाचे पाय धुता!"

शिक्षा झाली. मैदा आणायचा आणि पाय पुन्हा उभा करायचा. बाजारात गेलो तर त्या दिवशी लोक फार आपुलकीने वागले. वाण्याकडे तिघे-चौघे माझ्या मागे गप्प उभे होते. "जरा वाकू नको," एक म्हातारे म्हणाले. मला वाटलं, माझ्या कमरेची काळजी.

संध्याकाळपर्यंत चिकटवत होतो. प्रत्येक चिटोरा उलटून पाहिला, शेवटचं पान नव्हतं. कुठेतरी गवतात गेलं असणार आणि पहाटे जळणार. घरी येऊन पायरीवर बसलो. वैनी मागून येऊन थांबली.

"बाबू, हलू नको."

पाठीवरून काहीतरी सावकाश सुटत गेलं. मग मला वाचायला लावायची तशी, प्रत्येक शब्दाखाली बोट ठेवत, ती स्वतः वाचू लागली.

"आलास? हात धू. जेवायला बस."

तिने पान माझ्या हातात दिलं.

"माका सांगूचा नाय रे?" वैनी म्हणाली. "आणि फोनार जरा आयकत जा."

नरकासुराला दुसरा नंबर मिळाला. डावा पाय लंगडा दिसतो म्हणून गुण कापले. ते पान इस्त्री करून मी मस्कतला आणलं आहे. पाच वर्षं मी ज्या वाक्यासाठी झुरलो, ते पेडण्याच्या अर्ध्या बाजाराने माझ्या पाठीवर वाचलं. वाण्याने म्हणे दोनदा! मला मात्र ते दारात उभं राहून माणसाने तोंडावर सांगितलं, तरी कळलं नाही. मी सरळ जेवायला बसलो.